स्क्रीनवर काय लिहिलंय?

"तुझं ते लिनक्स चालत नाहीये."

मदतीचा प्रत्येक फोन या वाक्याने सुरू होतो. 'तुझं ते' नीट ऐकून घ्या. लिनक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना तिचा कर्नल, म्हणजे गाभा, लिहायला घेतला, त्यानंतर जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली, पण स्पीकर मुका झाला की मालकी थेट माझ्या नावावर चढते. चालत असतं तेव्हा ते ज्याचं त्याचं असतं.

बरं, बाजू मांडावी तर मुद्दे कमी नाहीत. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघते, त्यातले झाडून सगळे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतात. मंगळावर उडालेलं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर लिनक्सवरच उडालं. पण हे सांगून काडीचा उपयोग होत नाही. समोरच्याला मंगळावर जायचं नसतं, त्याला गाणं ऐकायचं असतं.

एवढी वर्षं ही लष्करच्या भाकरी भाजण्याची हौस केल्यावर माझं मत असं झालंय की लिनक्सचा प्रश्न सोडवणं फारसं अवघड नसतं. स्क्रीनवर काय लिहिलंय हे माणसाच्या तोंडून वदवून घेणं महाकठीण.

"काका, स्क्रीनवर काय लिहिलंय?"

"एरर आलीये."

"हो, पण त्यात काय लिहिलंय?"

"बरंच काय काय लिहिलंय रे."

"वाचून दाखवता?"

"आता कुठे आहे? घालवली मी ती."

यात काकांना बोल लावण्यात अर्थ नाही. कॉम्प्युटरने आजवर त्यांच्यासमोर इतक्या खिडक्या उघडल्या आणि त्यातल्या इतक्या निरर्थक निघाल्या की मजकुराकडे न बघता 'ओके' दाबायचं त्यांच्या बोटांना वळण पडलंय. लिनक्समधली पंचाईत अशी, की इथली खिडकी बऱ्याचदा खरं बोलते. काय बिघडलं, कुठल्या फाइलीत बिघडलं, कधीकधी तर दुरुस्तीसाठी कुठली कमांड द्यायची तेही त्यातच लिहिलेलं असतं. आणि नेमकी तीच घालवलेली असते.

मग मी फोटो मागतो. फोटो येतो. त्यात अर्धा कीबोर्ड असतो, टेबलावरचा चष्मा असतो, आणि फ्लॅशचा पांढरा गोळा नेमका शेवटच्या ओळीवर बसलेला असतो. दुसरा फोटो मागितला की तोच फोटो पुन्हा येतो, या खेपेला आडवा.

घालवण्याचा कळस म्हणजे वहिनींचा निळा पडदा. नव्या मशीनवर सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल आणि ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बाहेरचा असेल, तर उबुंटूसारखी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवून घेते. पुढच्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो. कुठलंही बटण दाबून आत जायचं, 'एन्रोल मोक' निवडायचं, तोच पासवर्ड द्यायचा, की ड्रायव्हरच्या किल्लीची नोंद झाली. दहा सेकंदांत कोणी काही दाबलं नाही तर पडदा आपणहून निघून जातो, मशीन नेहमीसारखं सुरू होतं आणि ड्रायव्हर बाहेरच राहतो. हे सगळं मी वहिनींना आधी सांगितलं होतं. लिहूनही दिलं होतं.

"भाऊजी, काहीतरी निळंनिळं आलं होतं. मी पटकन बटण दाबून मशीनच बंद केलं. बरं झालं ना?"

"वहिनी, आपण त्याचीच वाट बघत होतो."

"मग आता?"

आता पुन्हा पहिल्यापासून. विंडोज कोसळलं की निळा पडदा यायचा, त्यामुळे तो म्हणजे सर्वनाश हे लोकांच्या मनात इतकं घट्ट बसलंय की ही पायरी रचणाऱ्यांनी दुसरा कुठलाही रंग निवडला असता तर माझे निम्मे फोन वाचले असते.

आवाजाचं प्रकरण वेगळं, कारण तिथे एरर येतच नाही. सगळं बरोबर दिसतं, फक्त ऐकू येत नाही. बहुतेक वेळा आवाज एचडीएमआयच्या तारेतून स्पीकरच नसलेल्या मॉनिटरकडे चाललेला असतो. सेटिंगमध्ये आउटपुट बदललं की संपलं. तसं नसेल तर मग टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'अल्सामिक्सर' हा आवाजाचा प्रोग्रॅम चालवायचा. एफ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडायचं, कारण सुरुवातीला दिसतो तो पाइपवायर या आवाजाच्या मधल्या थराचा एकच खांब, त्याच्याशी झटापट करून काही निघत नाही. कार्ड निवडलं की उभ्या खांबांची रांग दिसते. प्रत्येकाच्या तळाशी दोन अक्षरांची जागा असते. तिथे शून्य-शून्य असेल तर तो खांब बोलता आहे, 'एमएम' असेल तर म्यूट. त्या खांबावर जाऊन एम दाबायचं. एवढंच. फोनवरून मात्र ते असं होतं:

"सगळे खांब टोकापर्यंत आहेत. शंभर."

"मास्टरच्या तळाशी काय आहे?"

"काही नाही."

"दोन अक्षरं असतील बघा, काका."

"हां, ते होय. एमएम आहे. मला वाटलं मिलिमीटर."

यावर हसायचं नसतं. हसलं की पुढच्या वेळी माणूस काय दिसतंय ते सांगायचंच बंद करतो, आणि आपल्याला तर तेवढाच आधार.

पासवर्डाचा घोळ तर वर्षानुवर्षांचा. टर्मिनलमध्ये सुडो, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्रॅम, पासवर्ड मागतो आणि टाइप करताना काहीच उमटत नाही, चांदणीसुद्धा नाही. मागे उभ्या असलेल्याला पासवर्डाची लांबीही कळू नये म्हणून ही जुनी रीत. लिनक्स मिंट ही डिस्ट्रो चांदण्या दाखवते. त्यामुळे मिंटवरून डेबियनवर गेलेला गडी कीबोर्ड गेला असं ठरवून मोकळा होतो, आणि खात्री करायला कीबोर्ड उलटा करून झटकतो. त्यात डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, वेगळा पासवर्ड दिला असेल तर आपल्या नेहमीच्या खात्याला सुडोचा हक्कच मिळत नाही. मग सुडो सांगतो की तुमचं नाव यादीत नाही, आणि जुन्या आवृत्त्यांत तर या प्रकाराची खबर दिली जाईल असंही वर सांगायचा. माझ्या एका मित्राने हे वाचून लॅपटॉप मिटला होता. (त्याने वाचलं, याचं मला खरं तर कौतुक वाटलं.)

"खबर कोणाला देणार रे?"

"ॲडमिनिस्ट्रेटरला."

"तो कोण?"

"तूच."

तरी दोन दिवस तो जरा जपूनच वागत होता.

या सगळ्यात हात टेकायची वेळ आली ती मावसभावाच्या मशीनवर. त्याला एका फोल्डरमध्ये फाइल ठेवायची होती, 'परमिशन डिनाइड' असं उत्तर येत होतं. कोणा जाणकाराने त्याला परवानग्या बदलणाऱ्या सीएचमॉड ७७७ चा मंत्र दिला. चार म्हणजे वाचणं, दोन म्हणजे लिहिणं, एक म्हणजे चालवणं, बेरीज सात. तीन साता म्हणजे मालक, गट आणि उरलेलं जग, सगळ्यांना सगळं मोकळं. हे एका फोल्डरपुरतं केलं असतं तरी मी पोटात घातलं असतं. पठ्ठ्याने पुढे नुसती तिरकी रेघ दिली आणि उपफोल्डरांसकट चालवलं. म्हणजे अख्खी सिस्टीम.

त्याची समजूत अशी की आता कोणीच अडवणार नाही. झालं उलटंच. सुडोच्या प्रोग्रॅमवर एक खास खूण असते, सेटयूआयडी म्हणतात तिला. तो चालवला की रूटच्या अधिकाराने चालतो तो त्या खुणेच्या जोरावर. नुसता ७७७ चा आकडा फिरवला की ती खूण पुसली जाते. मग सुडो म्हणतो, माझी खूण गेली, मी काम करणार नाही. आणि ती खूण परत द्यायची तर सुडो लागतो. घराची सगळी दारं उपटून फेकली आणि दारं बसवणारा सुतारच आत अडकला, अशातली गत. दूरच्या मशीनवर शिरायची एसएसएचची खासगी किल्ली जगाला उघडी दिसल्यावर तीही वापरायला नकार मिळतो, तो वेगळाच.

"मग आता ते सातचं सहा करू का?" त्याने निरागसपणे विचारलं.

"कशालाही हात लावू नकोस."

रिकव्हरी मोडमध्ये जाऊन सुडो जिवंत करता येतो, पण बाकीच्या लाखभर फाइलींच्या मूळ परवानग्या काय होत्या हे कोणाच्या लक्षात असणार? पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, होम फोल्डर बाहेर काढायचा आणि सिस्टीम नव्याने टाकायची, हाच शहाणपणा. एरवी 'नव्याने टाक' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यांना घड्याळ पुढे गेलं तरी नव्याने टाकायचं असतं. विंडोज मशीनचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवतं आणि लिनक्स यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणून दोन्ही एकत्र नांदवणाऱ्यांकडे वेळ उड्या मारते. एका टाइमडेटसीटीएल कमांडचं काम आहे ते. त्यांच्याहून वरताण म्हणजे डिस्ट्रो बदला म्हणणारे. आज फेडोरा, उद्या आर्च, परवा आणखी काही, एक ना धड भाराभर चिंध्या, आणि मूळ प्रश्न काय होता ते विचारणाराही विसरलेला. मॅन पेज, म्हणजे कमांडची माहितीपुस्तिका, वाच म्हणून अंग काढून घेणारेही भेटतात. त्यांचं चुकतं असं नाही, पण खिडकीतली दोन वाक्यं न वाचणारा माणूस मॅन पेज वाचेल ही आशा मला तरी भाबडी वाटते.

पण सगळ्यात जास्त छळतात ते, ज्यांचा प्रश्न सुटतो.

दाजींचं वायफाय बंद पडलं. काही चिपांचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, मुक्त परवान्याचं नसतं, म्हणून ते कधीकधी वेगळं उतरवावं लागतं. म्हणजे इंटरनेट सुरू करायला आधी इंटरनेट हवं. (डेबियनने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली, तेव्हा मी मनोमन हात जोडले.) यावर नामी तोडगा म्हणजे मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करायचं, लिनक्सला ते साधं तारेचं नेटवर्क वाटतं. तसं दाजींना जोडून दिलं, चिपचं नाव काढलं, फर्मवेअर तपासलं. ते जागेवरच होतं. आता वायफाय कशाने अडवलंय ते दाखवणारी 'आरएफकिल लिस्ट' चालवून उत्तर सांगा म्हटलं. बराच वेळ काही नाही. मग एक मेसेज: "झालं सुरू. थँक्यू."

मी फोन लावला.

"दाजी, काय केलंत?"

"काही नाही. आपोआप झालं."

"आपोआप होत नाही हो. मी सांगितलेली कमांड दिलीत?"

"दिली. दोन-तीन ओळी आल्या."

"हार्ड ब्लॉक्डपुढे काय होतं, येस की नो?"

"ते नाही बघितलं. म्हटलं तू येईपर्यंत जरा साफ तरी करावा. चार्जर काढला, फडक्याने सगळीकडून पुसला. आणि मग आपोआपच."

"पुसताना कडेला बारीक खटका लागला का?"

"आहे खरा एक. तो कशाचा असतो?"

तो वायफायचा असतो. मी त्यांना सविस्तर समजावलं, सॉफ्ट ब्लॉक म्हणजे सॉफ्टवेअरने अडवणं, हार्ड ब्लॉक म्हणजे अशा खटक्याने अडवणं, त्यांनी "बरं बरं" म्हणत ऐकूनही घेतलं. परवा कळलं की त्यांच्या ऑफिसातल्या एकाचं वायफाय गेलं होतं आणि दाजींनी त्याला सल्ला दिला, चार्जर काढ आणि लॅपटॉप चांगला घासूनपुसून घे.

त्याचंही सुरू झालं म्हणे.