गव्हर्नर आपला का त्यांचा, आधी ते बघा

रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरबद्दल तुमचं अजून काहीच मत नसेल तर जरा लाज वाटू द्या राव. आमच्या केज रोडवरच्या टपरीवर सकाळी सातला चहाला येणाऱ्या माणसालासुद्धा याबाबतीत ठाम मत असतं, आणि त्याला विचारलं की रेपो रेट म्हणजे काय तर तो सांगतो, फायनान्सवाले हप्ता थकल्यावर ट्रॅक्टर ओढून नेतेत का नाही, त्याचा असंल काहीतरी रेट. (खरं म्हंजे रिझर्व्ह बँक बाकी बँकांना ज्या व्याजानं पैसे देती तो.) तरीबी मत आहे. तुम्ही तर शिकलेले.

तर मत बनवायची पद्धत एकदम सोपी आहे. गव्हर्नरनं काय केलं हे चुकूनबी बघायचं नाही, त्याच्यावर कोण ओरडायलंय ते बघायचं. आपला पक्ष ओरडत असला तर गव्हर्नर नालायक, त्यांचा ओरडत असला तर गव्हर्नर म्हणजे देशाचा शेवटचा आधारस्तंभ. आणि सरकार बदललं की दोन्ही वाक्यं अदलाबदली करून वापरायची, नवीन काही पाठ करायची गरज नाही.

आमच्या आबाचं उदाहरण घ्या. आबाचं खताबियाण्याचं दुकान आहे, माणूस दिलदार, पण मोबाईल हातात आला की अर्थतज्ज्ञ. 2012 मध्ये सुब्बाराव गव्हर्नर होते, ते व्याज खाली आणत नव्हते म्हणून तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम वैतागून म्हणले होते की विकासाच्या वाटेवर सरकारला एकट्यानं चालावं लागलं तर एकट्यानं चालू. तेव्हा आबाला सुब्बाराव म्हणजे मर्द गडी वाटला होता, बघा म्हणला, सरकारपुढं वाकत नाही. मग 2013 च्या सप्टेंबरात राजन आले, आबा खूश, फोटो बिटो स्टेटसला. 2014 ला वर सरकार बदललं. 2016 च्या मे महिन्यात भाजपच्या सुब्रमण्यम स्वामींनी पत्र लिहिलं की हा माणूस मनानं पूर्ण भारतीय नाही, याला काढा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी आबाबी सांगायला लागला की मला तर पहिल्यापासनंच डाऊट होता. मी म्हणलं, आबा, स्टेटस? तर म्हणला, ते पोरानं ठेवलं होतं.

डिग्रीचा मुद्दा मात्र कायम खिशात असू द्या, कुठंबी कामाला येतो. गव्हर्नर बाहेर शिकलेला अर्थशास्त्रज्ञ असला तर म्हणायचं याला इथली माती काय कळणार. आयएएस असला तर म्हणायचं बाबू आहे, वरून फोन आला की सही. शक्तिकांत दास यांचं एमए इतिहासात आहे, हे विरोधकांच्या लोकांना सहा वर्षं पुरलं, आणि त्यांच्या बाजूच्या लोकांनी त्याच काळात एकदाबी इतिहास हा शब्द तोंडातून काढला नाही. आता मल्होत्रा आलेत, ते आयआयटीवाले, म्हंजे दोन्ही बाजूंना थोडा अभ्यास करावा लागणार.

बोलणारा गव्हर्नर असला तर म्हणा फार बोलतो, पुढारी व्हायचंय का. गप्प बसणारा असला तर ऊर्जित पटेल आठवा. माणूस खुर्चीत बसून दोन महिने झाले होते आणि 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र आली. त्याच दिवशी संध्याकाळी रिझर्व्ह बँकेच्या बोर्डाची मीटिंग झाली आणि रात्री आठला टीव्हीवर नोटबंदीचं भाषण. मग आपण सगळे लाईनीत, आमच्या इथं तर बायका चपला ओळीनं लावून सावलीत बसायच्या, चपलेचाच नंबर. पुढं संसदेच्या समितीनं गव्हर्नरला बोलावून विचारलं की सांगा बाबा, नोटा किती परत आल्या, तर मोजणी चालू आहे. ती मोजणी चालली ऑगस्ट 2018 पर्यंत, आणि निघालं काय, 99.3 टक्के नोटा परत. एवढी वसुली आमच्या सोसायटीची कधी झाली असती तर आम्ही सचिवाची हत्तीवरून मिरवणूक काढली असती. त्याच वर्षी 10 डिसेंबरला पटेल वैयक्तिक कारण सांगून राजीनामा देऊन गेले. मधल्या काळात रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 7 ची लई चर्चा होती, म्हंजे जनहितासाठी सरकार गव्हर्नरशी सल्लामसलत करून रिझर्व्ह बँकेला आदेश देऊ शकतं ते कलम. पुढच्या ऑगस्टात, दास गव्हर्नर असताना, रिझर्व्ह बँकेनं सरकारला 1,76,051 कोटी दिले. ह्याचा त्याच्याशी काय संबंध असं मला विचारू नका, मी फक्त तारखा सांगायलोय.

आता कोणी म्हणंल हे आपल्याकडंच. नाही हो. अमेरिकेचं बघा, तिथं तर सगळा मामला आपल्या ग्रामपंचायतीसारखाच निघाला. ट्रम्पनं तिथल्या रिझर्व्ह बँकेचा, म्हंजे फेडरल रिझर्व्हचा, प्रमुख म्हणून पॉवेलला 2017 मध्ये स्वतः निवडलं आणि मग व्याज कमी करंना म्हणून त्याच्याच मागं लागले. जुलै 2025 मध्ये साहेब डोक्यावर टोपी घालून थेट फेडरल रिझर्व्हच्या बिल्डिंगच्या कामावर पाहणीला गेले, 2.5 अब्ज डॉलरचं काम, आणि कॅमेऱ्यासमोर म्हणले की खर्च 3.1 अब्जावर गेलाय. पॉवेल शेजारी उभा, मुंडी हलवायला लागला. ट्रम्पनं खिशातनं कागद काढून दिला, पॉवेलनं कागद वाचला आणि म्हणला, ह्याच्यात तुम्ही तिसरी बिल्डिंग धरलीय, ती पाच वर्षांपूर्वीच झालीय. मी तो व्हिडिओ सात वेळा बघितला. आमच्या इथं शाळाखोलीच्या कामावर असंच एक शिष्टमंडळ गेलं होतं, फक्त तिथं ग्रामसेवकाला कागद वाचायची डेअरिंग झाली नाही.

तुर्कस्तानात तर एवढीबी कटकट ठेवली नाही. एर्दोगान साहेबांचं म्हणणं की व्याज वाढवल्यानं महागाई वाढते, जो गव्हर्नर ऐकंना तो घरी. 2019, 2020, 2021, दरवर्षी एक काढला. ऑक्टोबर 2022 ला तिथली महागाई 85 टक्क्यांवर गेली. पण तुम्ही हे टपरीवर सांगू नका, लोक म्हणतील आपल्याला काय तुर्कस्तानशी करायचंय, आणि ते खरंबी आहे.

महागाईवरून मत बनवताना मात्र आपण मराठवाड्यातले म्हणून थोडी अडचण येती, तेवढी संभाळून घ्या. रिझर्व्ह बँकेला टार्गेट आहे 4 टक्के, वर खाली 2 ची सूट. सलग तीन तिमाही टार्गेट हुकलं तर सरकारला लेखी उत्तर द्यायचं, 2022 मध्ये तसं पत्र गेलंबी. आता महागाई मोजायच्या टोपलीत त्यावेळी जवळजवळ निम्मा वाटा खाण्यापिण्याचा, 45.86 टक्के. म्हंजे टोमॅटो, कांदा, डाळ महागली की गव्हर्नरच्या कपाळाला आठी. आणि टोमॅटो, कांदा, तूर कोण पिकवतंय? ऑक्टोबर 2025 ला महागाई 0.25 टक्क्यावर आली, सगळीकडं काय ते कौतुक. त्याच्या आदल्या महिन्यात सिंदफणा, मांजरा, तेरणा, सगळ्या नद्या शेतात घुसल्या होत्या, जनावरं वाहून गेली, सोयाबीन पाण्यातच काळं पडलं, जे वाचलं ते घेऊन माणूस मोंढ्यात गेला तर हमीभाव 5,328 आणि व्यापारी ओलावा दाखवून त्याच्या खाली मागायला लागला. ती जी 0.25 आहे ना, तिच्यात थोडं आमचं सोयाबीन आहे, थोडा लासलगावचा कांदा आहे. तरी आपण म्हणायचं, वा गव्हर्नर साहेब, महागाई आटोक्यात आणली. नाहीतर उगं शेतकरी म्हणून रडल्यासारखं दिसतं.

आणि स्वतःच्या घरकर्जावरून तर बिलकुल मत बनवू नका. मी केली ती चूक. मे 2022 ला रेपो 4 चा 4.40 केला, मग वाढवत वाढवत फेब्रुवारी 2023 ला 6.50. माझा हप्ता काही वाढला नाही, मी आपला खुश, बायकोलाबी सांगितलं की आपली बँक चांगलीय. एक दिवस सहज स्टेटमेंट काढलं तर वीस वर्षांचं कर्ज सत्तावीस वर्षांचं झालेलं. कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही, मुदतच ताणली. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणला सर, ते आरबीआयचं आहे. नंतर ऑगस्ट 2023 ला त्याच आरबीआयनं सगळ्या बँकांना सांगितलं की हप्ता वाढवायचा का मुदत, हे ग्राहकाला विचारा, तो कागद घेऊन परत गेलो तर मॅनेजर बदलून गेलेला. 2025 मध्ये रेपो खाली यायला लागला, फेब्रुवारीत 6.25, जूनपर्यंत 5.50, तर माझा सत्तावीसचा आकडा कासवासारखा मागं सरकायलाय. मुलगा विचारतो पप्पा तुम्हाला मल्होत्रा आवडतेत का दास. काय सांगणार, एकानं चढवलं एकानं उतरवलं, मी दोघांच्या मधे बसलोय.

आता खरं मत लागतं तिथली गोष्ट सांगतो. आमचे नाना. रिटायर झाले तेव्हाचे सहा लाख त्यांनी एका मल्टीस्टेट पतसंस्थेत टाकले. काचेचं ऑफिस, एसी, पाणी बाटलीतलं, व्याज तेरा टक्के. मी म्हणलं नाना, सरकारी बँक सात देती, हे तेरा कुठून देतेत. तर म्हणले, चेअरमन आपला माणूस आहे, लग्नाला आलता. त्याच्या आधी जिल्ह्याच्या बँकेचंबी तेच, कर्ज कोणाला द्यायचं ते वाड्यावर ठरायचं, नाही म्हणणारा अधिकारी तीन महिन्यात बदलून जायचा, आणि आम्हीच म्हणायचो की बरं झालं, लई नियम दाखवत होता. मल्टीस्टेटचं शटर पडलं त्या दिवशी नाना बाहेर उन्हात उभे, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एफडीची सर्टिफिकिटं, सगळी लॅमिनेशन केलेली. मला म्हणले, रिझर्व्ह बँक कायतरी करंल ना? मी सांगितलं की नाना, मल्टीस्टेट पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येतच नाही, ती दिल्लीच्या सहकार निबंधकाखाली, बँकेतल्या ठेवीला पाच लाखाचा विमा असतो तो इथं नाही. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणले, मग तो गव्हर्नर करतो काय?

हेच नाना, बरं का, आजबी टपरीवर म्हणतेत की गव्हर्नर सरकारच्या शब्दात पाहिजे, निवडून आलेल्या माणसाला नाही म्हणणारा हा कोण. तेव्हा तुम्हीबी तसंच म्हणा. नाही म्हणणारा माणूस आपल्याला कधीच आवडला नाही, उगं दिल्लीमुंबईत तो आवडतो असं दाखवू नका. आणि कोणी लई ताणलं तर चिंतामणराव देशमुखांचं नाव घ्या, पहिला भारतीय गव्हर्नर, 1943, मराठी माणूस. नंतर अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर 1956 ला मंत्रिपद सोडून आले. समोरचा गप्प होतो. त्यांनी कोणाला नाही म्हणलं होतं ते सांगत बसू नका.

परवा हीच चर्चा तासभर रंगली. आबा म्हणला आरबीआयची स्वायत्तता धोक्यात आहे (वरच्या एका नेत्यावर सध्या त्याचा राग आहे), नाना म्हणले स्वायत्तता काय चाटायचीय, तिसऱ्यानं पाचशेची नोट काढून गव्हर्नरची सही दाखवली, मैं धारक को वगैरे वाचून दाखवलं. चार चहा झाले. मी पैसे द्यायला दहाचे चार ठोकळे काढले, तर टपरीवाल्यानं हात मागं घेतला.

"भाऊ, हे नका देऊ. इथं चालत नाही."

म्हणलं अरे, 2018 लाच रिझर्व्ह बँकेनं लेखी सांगितलंय, दहाच्या नाण्याचे चौदाच्या चौदा डिझाईन चालतेत.

"त्यांनी सांगितलं असंल," तो फडकं मारत म्हणला, "किराणावाला घेत नाही ना."

आबानं फोनपे केला.