पुस्तकं देवीपुढे, पोरं मोकळी

वसंत पंचमी आली की दरवर्षी बिहारमधले सरस्वती विसर्जनाचे डीजेवाले व्हिडिओ फिरायला लागतात आणि खाली आपली मंडळी "ही म्हणे विद्येची देवी" एवढं लिहून मोकळी होतात. डीजे मलाही नको, आपल्या गणपतीतलाही नको. पण दरभंगा, मधुबनी आणि तिकडे नेपाळात जनकपूरपर्यंत पसरलेल्या मिथिलेची सरस्वती पूजा तेवढ्यावर निकालात काढणं मला अजिबात पटत नाही.

मुळात हा सण पोरांचा आहे. आपल्याकडे मंडळ चालवतात दादा लोक, पोरं आपली झांजा वाजवायला. तिथे शाळेतली, क्लासची, लॉजवर (म्हणजे तिकडच्या खासगी हॉस्टेलवर) राहणारी मुलंच वर्गणी काढतात, मूर्ती ठरवतात, साड्या बांधून मंडप उभारतात. मग वह्यापुस्तकं, पेनं देवीच्या पायाशी, आणि त्या दिवशी अभ्यास पूर्ण बंद! आता बघा, पूजा माघ शुद्ध पंचमीला, आणि बिहार बोर्डाची बारावी फेब्रुवारीत, म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर पुस्तक मिटून ठेवायचं. आपल्याकडे कुठली आई सोडेल असं?

माझी दरभंग्याची कलीग सांगते, गणिताचं पुस्तक हमखास सगळ्यात वर असायचं, का ते सांगायला नकोच. प्रसादाला बुंदी, गाजर, बोरं आणि केसौर, म्हणजे पांढरंशुभ्र, कचकच लागणारं गोडसर कंद. पूजेआधी बोर तोंडात घालायची तिच्या घरी बंदी, आणि आपण संक्रांतीपासूनच बोरनहाण करत पोरांच्या डोक्यावर बोरं ओततो, हे ऐकून ती चाटच पडली.

पुस्तक न उघडण्याला तिकडे एक भारी गोष्टही आहे. मधुबनी जिल्ह्यात बेनीपट्टीजवळ उच्चैठला भगवतीचं देऊळ आहे. लोक सांगतात की कालिदास तिथलाच, सगळे त्याला मठ्ठ म्हणायचे. एका रात्री पुराची नदी ओलांडून देवळात दिवा लावायला त्याला पाठवलं, आणि आलो होतो याची खूण म्हणून हा पठ्ठ्या देवीच्याच तोंडाला काजळी फासायला निघाला. देवी प्रसन्न झाली, म्हणाली आज रात्री ज्या पुस्तकाला हात लावशील ते तुला येईल. मग काय, त्याने पाठशाळेतल्या झाडून सगळ्या पोथ्यांना रात्रभर हात लावला. इतिहास म्हणून नका घेऊ, पण वाचस्पती मिश्र आणि गंगेश उपाध्यायांसारखे पंडित जिथे झाले तिथल्याच लोकांनी मठ्ठ पोराची अशी गोष्ट जपली हे मला जाम आवडतं.

त्याच दिवशी मिथिलेची माणसं कावड घेऊन झारखंडमधल्या देवघर गावी बैद्यनाथाला, म्हणजे शंकराला, तिलक (लग्नाआधी नवरीकडच्यांनी नवरदेवाला लावायचा टिळा) चढवायला जातात, कारण पार्वती हिमालयाची लेक आणि मिथिला हिमालयाच्या पायथ्याशी, म्हणून हे स्वतःला नवरीकडचे समजतात, आणि तिथूनच अबीर-गुलालाने फगुआ, म्हणजे तिकडची होळी, सुरू. आपल्या पंढरपुरातही वसंत पंचमीलाच विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागतं आणि रंगपंचमीपर्यंत देवाला पांढरा पोशाख. म्हणजे एवढं काही परकं नाहीये हे सगळं.

डीजेला आवर घालाच, रस्त्यात गाड्या अडवून वर्गणी उकळतात तेही बंद करा, त्याला माझा फुल सपोर्ट. फक्त शिस्तीच्या नावाखाली मोठ्यांची कमिटी बसवून पूजा पोरांच्या हातून काढून घेऊ नका म्हणजे झालं.