‘पाळी गेली, कटकट गेली’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या बायकांच्या ग्रुपवर गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. मथळा आहे, ‘पाळी गेली, कटकट गेली’. आत लिहिलंय ते थोडक्यात असं: पाळी थांबली की सहा महिन्यांत सगळे त्रास आपोआप मिटतात. त्यानंतरही जीव घाबरत असेल तर ते रिकाम्या मनाचे खेळ. आपल्या आज्यांना असलं काही होत नव्हतं. जवस आणि शतावरीचं चूर्ण २१ दिवस घ्या, फरक पडेल. हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर छातीचा कॅन्सर ठरलेला. फारच त्रास असेल तर पिशवी काढून मोकळ्या व्हा. आणि पाळी गेल्यावर मध्येच कधी लाल दिसलं तर ती अंगातली उष्णता, घाबरायचं कारण नाही.

यावल-रावेर पट्ट्यात मी बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलंय. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या माझ्या ओळखीच्या, मनाने चांगल्या बायका आहेत. पण यातलं एक वाक्य कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं आणि बाकीची वाक्यं बाईला गप्प बसवतात. म्हणून एकेक घेऊन उत्तर देते.

‘सहा महिन्यांत सगळं आपोआप मिटतं.’ सलग बारा महिने पाळी आली नाही तरच रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर धरतात. आपल्या देशात ते साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं. त्रास मात्र त्याच्या किती तरी आधी, पाळी मागेपुढे व्हायला लागते तेव्हापासूनच सुरू झालेला असतो. अमेरिकेत १९९६ पासून तीन हजारांवर बायकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. त्यातल्या ज्यांना वारंवार गरम वाफा येत होत्या, म्हणजे अंगात एकदम गरम लाट उठून घाम फुटत होता, त्यांचा हा त्रास सर्वसाधारणपणे सात वर्षांहून जास्त टिकला, आणि शेवटच्या पाळीनंतरही साडेचार वर्षांच्या आसपास राहिला. काही बायकांना काहीच होत नाही, हेही खरं. पण दोन वर्षं झाली तरी वाफा येतात म्हणून ‘माझ्यातच काही तरी खोट आहे’ असं वाटून घेऊ नका. तुमच्यासारख्या पुष्कळ जणी आहेत.

एक त्रास तर काळाबरोबर कमी होण्याऐवजी वाढतो. योनीमार्ग कोरडा पडणं, संबंधांच्या वेळी दुखणं, लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा इन्फेक्शन. हे बायका नर्सलासुद्धा दाराशी उभं राहून, जाता जाता सांगतात. यावर तिथेच लावायचं इस्ट्रोजेनचं, म्हणजे पाळी जाताना बाईच्या अंगात कमी होणाऱ्या हार्मोनचं, मलम मिळतं. रक्तात ते फार थोडं उतरतं आणि गुण चांगला येतो. डॉक्टरांकडे मागायला लाजू नका.

आता ‘रिकाम्या मनाचे खेळ’. हे वाक्य वाचून मला खरोखर राग आला. ज्या बाईच्या मोबाइलवर हा मेसेज येतो ती पहाटे पाचला उठते. धुणीभांडी, भाकरी, मग कापूस वेचायला नाही तर केळीच्या बागेत निंदायला. उन्हाळ्यात कुरडया-पापड, शेवया. घरात सासऱ्यांचं दुखणं, पोरीच्या लग्नाची काळजी, पोराला नोकरी नाही, कापसाला भाव नाही. तिच्या मनाला रिकामं व्हायला वेळ कुठे आहे?

मग जीव घाबरतो तो का? मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे. इस्ट्रोजेन कमीजास्त व्हायला लागलं की ती फार हळवी होते. अंग जरासं तापलं तरी ती घाम सोडते, कातडीकडे रक्त धाडते, छातीचे ठोके वाढवते. हीच वाफ. ती काही मिनिटांत ओसरते. पण धडधड, घाम, श्वास पुरत नाही असं वाटणं ही भीतीचीही लक्षणं आहेत. रात्री दोन वाजता बाई अशी दचकून उठते तेव्हा मेंदू कारण शोधायला लागतो: पोरगा गाडीवर गेलाय, त्याला काही झालं असेल का? मला ॲटॅक येतोय का? त्या विचाराने धडधड आणखी वाढते. शिवाय इस्ट्रोजेनचा मेंदूत मनःस्थिती सांभाळणाऱ्या सेरोटोनिनशी संबंध असतो, आणि प्रोजेस्टेरॉन या बाईच्या दुसऱ्या हार्मोनपासून मेंदूत तयार होणारा एक पदार्थ मेंदूला शांत ठेवायचं काम करत असतो. तो आधार डळमळतो. त्यात रोज रात्री झोप मोडते. पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलेल्या बाईला या वर्षांत ते पुन्हा येण्याचा धोका जास्त असतो. यातलं काहीही तिने ओढवून घेतलेलं नाही.

आमच्याकडे हे ओळखणं आणखी अवघड जातं, कारण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो आणि घामाने सगळेच हैराण असतात. ‘ऊनच तसं आहे’ म्हणून विषय संपतो. पण पौषात घरातली सगळी माणसं गोधडीत गुरफटलेली असताना एकटी बाई पांघरूण फेकून ओट्यावर येऊन बसते, तेव्हा उन्हाला दोष देता येत नाही.

आणि आज्यांना काही होत नव्हतं, हे कुणी सांगितलं? माझी आजी डोक्याला फडकं आवळून बांधायची. थंडीतसुद्धा दाराशी झोपायची. ‘उगाच जीव घाबरस वं माय’ हे तिचं वाक्य मला अजून ऐकू येतं. घरचे मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकायचे, कुणी भगताकडे घेऊन जायचं. डॉक्टरकडे तेवढं कुणी नेलं नाही. तिने सोसलं म्हणून मी पण सोसावं, हा हिशोब मला मान्य नाही.

इथे उलट बाजूही सांगायलाच हवी. सगळंच पाळीवर ढकलणंही तितकंच वाईट. एक ताई ओपीडीत आल्या, वय ४८. वर्षभर घरचे म्हणत होते, ‘पाळीचं वय आहे, होतं असं.’ हात पुढे करायला सांगितलं तर बोटं थरथरत होती. ब्लाऊज दोन्ही बाजूंनी टिपलेलं, इतकं वजन उतरलेलं. शांत बसलेल्या असतानाही नाडी जोरात पळत होती. रक्त तपासलं तर थायरॉइड प्रमाणाबाहेर काम करत होतं. त्याच्या गोळ्या सुरू झाल्यावर त्यांची घबराट ओसरली. म्हणून जीव घाबरतो, धडधडतं अशी तक्रार असेल तर थायरॉइडची टीएसएच तपासणी, हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब एवढं तरी बघून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं, आणि रक्त कमी असलं तरी धडधडतं, दम लागतो.

छातीत दाब येतो, दुखणं जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात जातं, थंडगार घाम फुटतो, दोन पायऱ्या चढून दम लागतो, असं असेल तर लगेच १०८ ला फोन करा, ईसीजी काढून घ्या. पाळी गेल्यानंतर बायकांना हृदयविकाराचा धोका वाढत जातो, आणि ‘गॅस झाला असेल’ म्हणत त्या सगळ्यात उशिरा दवाखान्यात पोचतात.

तपासण्या नीट आल्या तर काय करायचं? मी बायकांना पोरांच्या जुन्या वहीची मागची पानं वापरायला सांगायचे. किती वाजता झालं, किती वेळ राहिलं, आधी काय खाल्लं-प्यायलं, मनात काय आलं. पंधरा दिवसांत बाईला स्वतःलाच दिसायला लागतं. कुणाला संध्याकाळचा तिसरा चहा बाधतो, कुणाला रात्रीची झणझणीत शेवभाजी. आणि मिसरी. आपल्याकडे मिसरी लावणाऱ्या बायका कमी नाहीत. तंबाखूने ठोके वाढतात हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. धडधड सुरू झाली की बसून घ्या, नाकाने श्वास घ्या आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून हळूहळू सोडा. ‘ही वाफ आहे, पाच मिनिटांत जाईल’ हे स्वतःला मोठ्याने सांगा. सिंथेटिक साडीऐवजी सुती नेसा. रोज अर्धा तास पायी चाला. शेतातली मेहनत होत असली तरी मोकळं चालणं वेगळं.

एवढ्याने भागत नसेल तर समुपदेशन घ्या. घाबरवणारा विचार कसा ओळखायचा आणि त्याला कसं उत्तर द्यायचं हे शिकवणारी एक पद्धत आहे, तिला सीबीटी म्हणतात. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत रजोनिवृत्तीतल्या अस्वस्थतेसाठी आणि खचलेल्या मनासाठी ती सुचवली आहे. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी गरम वाफाही कमी होतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. तिथवर जाणं जमत नसेल तर सरकारचा टेलिमानस हा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फक्त मेडिकलवरून कुणाच्या सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या आणून महिनोन् महिने घेऊ नका. त्यांची सवय लागते, आणि मग सोडताना घबराट दुपटीने येते.

जवस-शतावरीबद्दल फार लिहीत नाही. जवसाची चटणी भाकरीबरोबर जरूर खा, अंगाला चांगलीच आहे. पण अमेरिकेत गरम वाफांसाठी जवसाची रीतसर चाचणी घेतली तेव्हा जवस खाणाऱ्या आणि तसाच दिसणारा बिनजवसाचा पदार्थ खाणाऱ्या बायकांत फरक निघाला नाही. शतावरीबद्दल ठामपणे काही सांगावं इतका पुरावा नाही. माझी भीती वेगळीच आहे. बाजारात सुटं, बिनलेबलचं चूर्ण विकतात, त्यात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि त्या नादात बीपीची चालू गोळी बंद केली जाते.

हार्मोनच्या गोळ्यांची भीती कुठून आली ते सांगते. अमेरिकेत १६ हजारांवर बायकांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) अशा जोड गोळ्यांची मोठी चाचणी चालू होती. २००२ मध्ये ती मध्येच थांबवली आणि जगभर बातमी झाली. आकडे बघा: गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, गोळी घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. धोका आहे, तो लपवायचा नाही. पण ‘ठरलेला’ म्हणणं साफ खोटं. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटलेली. आज डॉक्टर साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या आणि त्रास जास्त असलेल्या बाईसाठी हा उपचार विचारात घेतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, रक्ताची गुठळी किंवा पक्षाघात झालाय, लिव्हरचा आजार आहे, कारण न कळलेला रक्तस्राव आहे, अशांनी तो घ्यायचा नाही. पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, त्याने पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. नुसत्या घबराटीसाठी ही गोळी पहिली निवड नव्हे. पण वाफांनी रात्रीची झोप उडालेली असेल आणि त्यातून दिवसभर जीव घाबरत असेल, तर झोप परत आल्यावर पुष्कळ फरक पडतो. घ्यायची की नाही, हे तुम्ही आणि डॉक्टर मिळून ठरवा; ग्रुपवर ठरवू नका.

‘पिशवी काढून मोकळ्या व्हा.’ हा सल्ला महाराष्ट्राने फार महागात घेतलाय. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या, तिशी-पस्तिशीतल्यांच्या सुद्धा, पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये उघडकीला आलं आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. गाठी मोठ्या आहेत, कॅन्सर आहे, अंग बाहेर येतंय, औषधाने रक्तस्राव थांबतच नाही, अशा वेळी पिशवी काढणं योग्यच. पण वाफा आणि घबराट यांचा पिशवीशी संबंध नाही, तो अंडाशयांशी आहे. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन हळूहळू नाही, एकदम घसरतं, आणि आज जो त्रास आहे तो आणखी वाढू शकतो. कुणी ऑपरेशन सुचवलं तर अंडाशय ठेवणार की काढणार आणि का, हे विचारा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, शक्यतो सरकारी दवाखान्यात, जिथे ऑपरेशन करण्यात कुणाचा फायदा नाही.

शेवटचं वाक्य, सगळ्यात घातक: ‘मध्येच लाल दिसलं तर उष्णता.’ बारा महिने पाळी बंद राहिल्यानंतर एक डाग जरी पडला, गुलाबी पाणी जरी गेलं, तरी तपासून घ्यायचंच. सब्जा पिऊन, गुलकंद खाऊन वाट बघायची नाही. अशा शंभर बायकांत साधारण नऊ जणींना पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. उरलेल्यांपैकी बहुतेकींत कोरडेपणा, छोटा कोंब (पॉलिप) असं साधं कारण असतं, पण तुम्ही कोणत्या गटात आहात हे घरी बसून कळत नाही. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. ती चार मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर आतला छोटा तुकडा काढून तपासतात. हा कॅन्सर रक्तस्रावामुळे बहुतेक वेळा लवकर लक्षात येतो, आणि लवकर सापडला तर बऱ्याच जणी ऑपरेशनने बऱ्या होतात. डाग दिसला ती तारीख लिहून ठेवा, आणि त्याच आठवड्यात तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याला स्त्रीरोगाच्या ओपीडीत जा. मजुरी बुडते म्हणून पुढच्या आठवड्यावर टाकू नका. तिथे केसपेपर काढतानाच सांगा, ‘पाळी जाऊन वर्ष झालं आणि आता रक्त दिसलंय.’