कॅप्टनचा टॉवेल

विज्ञानकथा वाचणाऱ्याला कधीतरी विज्ञानकथा लिहायची हुक्की येतेच. माझी हुक्की नेमकी मान आखडलेली असताना आली. डॉक्टरांनी टायपिंग बंद करायला सांगितलं, तर मुलगी म्हणाली, "मग बोलून लिहा ना बाबा! फोन टाइप करतो की."

यंत्रांशी गप्पा मारणाऱ्या नायकांच्या गोष्टी वाचण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण मला काही हे सुचलं नाही. असो. बेडरूममध्ये जाऊन मी दार लोटलं, फोन उशीला टेकवून ठेवला आणि घसा खाकरला. फोनने त्याचं "खरं खरं" केलं. शुभशकुन समजून मी पुढे बोलू लागलो.

माझा कॅप्टन एकटाच प्रॉक्सिमा सेंटॉरीकडे निघालेला. सूर्याला सगळ्यात जवळचा हा तारा, तरी ४.२४ प्रकाशवर्षं लांब. तिथून घरी "पोचलो" असं कळवलं, तर उलट टपाली "बरं" यायला साडेआठ वर्षं लागणार. या एकटेपणावर मी अर्धा तास गहिवरून बोललो. मग चष्मा लावून बघतो तर:

"कॅप्टनने अनंत अंधाराकडे पाहिलं पृथ्वी तीन प्रकाश वर्षा दूर होती त्याचे डोळे अहो ओला टॉवेल पुन्हा गादीवर भरून आले गुरुजी आकर्षण नव्हतं म्हणून अश्रू गालावरून ओघळेनात माझा चार्जर कोणी घेतला"

बायकोने वाचलं आणि शांतपणे विचारलं, "ही वर्षा कोण?"

प्रकाशवर्ष म्हणजे काय, हे मी सांगितलं. एका वर्षात प्रकाश जेवढा जातो तेवढं अंतर, म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. "म्हणजे वर्षा बरीच लांब राहते," एवढं बोलून ती गेली. मुलगी मात्र पुढचं पान वाचत होती. "बाबा, इथे 'त्याने दोन प्रकाशवर्षं वाट पाहिली' असं आहे. आत्ताच अंतर म्हणालात ना?" हे मी फोनवर ढकललं. इतक्या चुका करणारं यंत्र हाताशी असण्याचा तेवढा एक फायदा.

आईचं मात्र तोच फोन निमूट ऐकतो. ती तो तोंडासमोर धरते आणि हुकूम सोडते, "हवामान. उद्याचं." लगेच उत्तर हजर. माझा मजकूर तिने चष्म्यावरून पाहिला आणि म्हणाली, "तू फार पाल्हाळ लावतोस रे. त्याला बिचाऱ्याला काय कळणार?" इतकी रोखठोक समीक्षा माझ्या लेखनाच्या वाट्याला आजवर आलेली नाही.

मी व्हॉयेजर-१ चं उदाहरण पुढे केलं. नासाचं हे यान १९७७ साली सुटलं. त्याची स्मृती सुमारे ७० किलोबाइट, आईला रोज सकाळी येणारं फुलांचं चित्रसुद्धा त्याहून जड असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेही असंच असंबद्ध बरळू लागलं. यान २४ अब्ज किलोमीटरवर, निरोप पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तितकेच. तरी लोकांनी बिघडलेली एक चिप शोधली, तिच्यातल्या आज्ञा थोड्या थोड्या करून दुसरीकडे हलवल्या, आणि एप्रिलमध्ये यान पुन्हा शुद्धीवर आलं. त्यांना दोन दिवसांत उत्तर यायची खात्री तरी होती. आमच्याकडे मुलीच्या बंद दारावर "जेवायला चल" म्हणून थाप मारली की पुढचं काही सांगता येत नाही.

शेवटी मी बायकोलाच गळ घातली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपलं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती त्यांनी पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. "तेव्हा तूही..."

"तुमचं अक्षर ओळखणार कोण?" ती म्हणाली.

तरी लाल पेन घेऊन बसली. मला वाटलं, घरातली मंडळी गोष्टीतून बाहेर काढेल. तर तिने अनंत अंधार खोडला. भरून आलेले डोळे खोडले. गुरुजी कंसात टाकले. टॉवेलाखाली मात्र दोन रेघा ओढल्या. "हा माणूस इतकी वर्षं एकटा आहे ना? मग ओला टॉवेल टाकतो कुठे? ते लिहा."

तारे, इंधन, एकटेपणा, सगळ्याचा विचार मी केला होता. हा राहिला होता.

मी पुन्हा दार लोटलं, फोन उशीला टेकवला आणि म्हणालो, "यानात एक ओला टॉवेल तरंगत होता."

फोनने एकही चूक न करता लिहून घेतलं. उशी हलवली, तर खालची गादी अजून ओलीच होती.