शो बोगस, टिप्स मात्र खऱ्या? नेमकं उलटं आहे

सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, पालकांच्या ग्रुपवर आला, आमच्या भटकंतीच्या ग्रुपवरही कुणीतरी टाकला. मजकूर थोडक्यात असा: जंगलात जगून दाखवणारे टीव्हीवरचे सगळे शो म्हणजे शुद्ध बनवाबनवी. कॅमेरा बंद झाला की हिरो हॉटेलात झोपायला जातो. कॅमेरामन सोबत असतो, म्हणजे धोका शून्य. बेअर ग्रिल्स हा नुसता नट आहे. मोदींसोबतचा भाग स्टुडिओतला, कारण त्याला हिंदी कळतच नाही. आणि शेवटी ठळक अक्षरात: टिप्स मात्र खऱ्या आहेत, आर्मीतल्या आहेत, सुट्टीत मुलांना जरूर शिकवा. त्या टिप्स कोणत्या? पाणी संपलं की लघवी प्यायची, दोन लाकडं घासून आग पेटवायची, साप चावला की चिरा देऊन विष चोखायचं.

मी शाळा-कॉलेजच्या पोरांना माळावर आणि डोंगरावर घेऊन जातो, त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही. ज्याला खोटं म्हटलंय त्यातलं बरंच खरं आहे आणि ज्याला खरं म्हटलंय ते जीवावर बेतणारं आहे.

आधी हॉटेलाचं. यात तथ्य आहे, पण ते एका शोच्या काही भागांपुरतं. २००७ साली ग्रिल्सच्या ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ या शोसाठी काम केलेल्या एका सल्लागारानेच एका ब्रिटिश वर्तमानपत्राला हे सांगितलं. ग्रिल्स काही रात्री हॉटेलात राहिला होता. निर्जन बेटावर एकट्याने बांधलेला म्हणून दाखवलेला तराफा टीमने आधी जुळवून पाहिला होता. ‘रानटी’ म्हणून दाखवलेले घोडे भाड्याने आणलेले होते. चॅनलवर टीका झाली, त्यांनी ते मान्य केलं आणि पुढे भागांच्या सुरुवातीला सूचना येऊ लागली, की गरज पडेल तिथे ग्रिल्सला आणि टीमला मदत मिळते आणि काही प्रसंग तंत्र दाखवण्यासाठी मुद्दाम उभे केले जातात. प्रेक्षकांना फसवलं गेलं होतं आणि राग येणं रास्तच होतं. पण ही गोष्ट उघडकीला येऊन, कबूल होऊन, पडद्यावर लिहून दाखवून झाली. ती आज ‘गुपित’ म्हणून पुढे ढकलण्यात काय अर्थ आहे?

शिवाय ‘सगळे शो’ हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे. कॅनडाचा लेस स्ट्राउड ‘सर्व्हायव्हरमॅन’मध्ये कॅमेरामन नेतच नाही. कॅमेरे, बॅटऱ्या, ट्रायपॉड असं सगळं ओझं तो स्वतः वाहतो. तो दूर चालत जाताना दिसतो ना, त्या प्रत्येक शॉटमागचं गणित बघा. कॅमेरा लावायचा, चालत लांब जायचं, परत यायचं, कॅमेरा उचलायचा आणि तेच अंतर पुन्हा तोडायचं. तेही उपाशीपोटी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘अलोन’चंही तसंच आहे. स्पर्धकाला ठरलेल्या यादीतून दहा वस्तू निवडायला मिळतात, चित्रीकरण त्याचं त्यानेच करायचं, आणि असह्य झालं तर सॅटेलाइट फोन उचलून ‘मला न्या’ म्हणायचं. पहिल्या मोसमाचा विजेता ५६ दिवस टिकला. डॉक्टर अधूनमधून तपासायला येतात, आणि वजन धोक्याच्या खाली गेलेल्या स्पर्धकांना त्यांची इच्छा नसतानाही त्यांनी घरी पाठवलेलं आहे. भूक खोटी असती तर ती वेळ आली नसती.

मला विचाराल तर खऱ्या जंगलाच्या सगळ्यात जवळ जाणारा शो ‘अलोन’च, कारण तो बराचसा कंटाळवाणा आहे. माणूस पडून राहतो, शक्ती वाचवतो, रिकामं जाळं तपासून परत येतो, घरच्यांच्या आठवणीने रडतो. एकटं राहून उपाशी दिवस काढणं म्हणजे बहुतेक वेळ हेच.

‘कॅमेरामन आहे म्हणजे धोका नाही’ या वाक्याने तर वाईट वाटतं. ९ मार्च २०१५ रोजी अर्जेंटिनात ‘ड्रॉप्ड’ या फ्रेंच शोचं चित्रीकरण चालू असताना दोन हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळली. दहाच्या दहा माणसं गेली. ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकलेली जलतरणपटू कामी म्युफा त्यात होती, आणि युनिटची माणसंही होती. आखणी केलेली असणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रसंग ठरवून उभा केलेला असला, तरी नदीचा ओढ आणि कड्याची उंची तीच राहते.

ग्रिल्स नट असल्याचा मुद्दा दोन ओळींत संपतो. तो ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या विशेष दलाच्या राखीव तुकडीत होता, १९९६ मध्ये आफ्रिकेत पॅराशूट नीट न उघडल्याने त्याच्या पाठीचे मणके मोडले, आणि मे १९९८ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी तो एव्हरेस्टवर पोचला.

मोदींचा भाग १२ ऑगस्ट २०१९ ला दाखवला गेला. त्याचं चित्रीकरण स्टुडिओत नाही, जिम कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात झालं. हिंदी कसं कळलं, याचं उत्तर खुद्द पंतप्रधानांनी त्याच महिन्यात ‘मन की बात’मध्ये दिलं होतं: ग्रिल्सच्या कानात छोटं वायरलेस यंत्र होतं आणि हिंदीचं भाषांतर त्यात लगेच ऐकू येत होतं. देशाच्या पंतप्रधानाला कुणी जंगलात मोकळं सोडत नाही, सुरक्षा आणि आखणी असणारच. पण त्यावरून जंगल खोटं ठरत नाही.

आता टिप्स. माझी खरी काळजी इथे आहे.

लघवीचं आधी. ग्रिल्सने ती कॅमेऱ्यासमोर खरोखर प्यायली, पण म्हणून ती तहान भागवत नाही. शरीराने बाहेर टाकलेले क्षार आणि युरिया आपण परत आत घेतो, ते पुन्हा बाहेर काढायला मूत्रपिंडाला आणखी पाणी लागतं, आणि शरीर कोरडं पडत जाईल तशी लघवी अधिकच दाट होते. ‘आर्मीची टिप’ म्हणता, तर अमेरिकी लष्कराच्या सूचना-पुस्तिकेत काय पिऊ नये याच्या यादीत समुद्राच्या पाण्याशेजारी लघवी आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. त्या उन्हात करायचं एवढंच: अकरा ते चार चालायचं नाही, सावली धरायची, अंग झाकायचं, आणि जवळ असलेलं पाणी जपून न ठेवता तहान लागेल तसं प्यायचं.

आगीचा हट्ट पोरांनीच धरला होता. होटगीच्या बाजूला ओळखीच्या शेतात, विहिरीजवळच्या मोकळ्या जागेवर मी त्यांना करू दिलं. हाताशी बाभूळ होती, म्हणून त्यांनी बाभळीचीच काठी आणि फळी घेतली. आळीपाळीने काठी तळहातात घुसळत राहिले. भुसा तपकिरी झाला, जळका वास सुटला, धुराची बारीक रेघ निघाली, सगळे ओरडले, आणि हात बदलताना जरा थांबले तर धूर गायब. शेवटी तळहातांना फोड आले, ठिणगी काही पडली नाही. बाभूळ कडक. यासाठी वाळलेलं आणि मऊ असं लाकूड लागतं, गरम भुसा एका खाचेत साठावा लागतो, आणि मधे थांबून चालत नाही. टीव्हीवर ही सगळी झटापट कापून उरलेलं अर्धं मिनिट दिसतं. लबाडी नाही म्हणणार मी त्याला, पण ते बघून काडेपेटी घरी ठेवून निघणाऱ्याचे हाल होतील. आणि हा प्रयोग नान्नजच्या माळावर तर चुकूनही नको. ते १९७९ पासूनचं माळढोक अभयारण्य आहे, तिथे आग लावणं गुन्हा आहे, आणि वाळलेल्या गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात.

साप चावल्यावर चिरा देणं ही या मेसेजमधली सर्वांत घातक ओळ. विष दातांवाटे आत ऊतींमध्ये गेलेलं असतं, ते तोंडाने ओढून निघत नाही. आपल्या भागात घोणस आणि फुरसं आहे, आणि दोन्हींचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच घालवतं. अशा माणसाच्या पायाला ब्लेड लावलं तर तो रक्तस्राव थांबवायचा कशाने? दवाखान्यात काचेच्या स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि ते गोठलं का बघतात. नाही गोठलं, तर विष भिनलंय हे कळतं आणि प्रतिविष सुरू होतं.

म्हणून पोरांना शिकवायचंच असेल तर हे शिकवा. चावलेल्याला चालवू नका. हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवा, पण दोरी करकचून आवळू नका. अंगठी, बांगडी, पैंजण लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. १०८ ला फोन करा, गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने सिव्हिल किंवा जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही, कारण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर प्रतिविष एकच आहे.