विक्रांत-विक्रमादित्यवरून एकदम ६६ लढाऊ विमानं? हा हिशेबच चुकलाय

आपल्या दोन विमानवाहू नौकांपैकी विक्रांतवर ३० आणि विक्रमादित्यवर ३६, म्हणजे अरबी समुद्रातून एका वेळी ६६ लढाऊ विमानं झेपावतील. डेकवर मोकळी जागा एवढी आहे की ठरवलं तर आणखी वीस मावतील. अशा आशयाचा मजकूर फोटोंसकट सगळीकडे फिरतोय. नौदलाचा अभिमान मलाही आहे, म्हणूनच तो चुकीच्या आकड्यांवर उभा राहू नये असं वाटतं.

मुळात ३० आणि ३६ हे आकडे हेलिकॉप्टरं धरून आहेत. विक्रांतच्या ३० मध्ये मिग-२९के या लढाऊ विमानांबरोबरच कामोव्ह-३१, एमएच-६०आर आणि देशी एएलएच ही हेलिकॉप्टरंही मोजली जातात. 'मग हेलिकॉप्टरं काढा आणि मिग भरा' हे उत्तर नव्हे. आपल्या जहाजांवर कॅटापल्ट, म्हणजे विमानाला झटका देऊन हवेत फेकणारं यंत्र नाही, त्यामुळे हॉकआयसारखी जड रडारविमानं तिथून चालवता येत नाहीत. हवेतून दूरवर नजर ठेवायचं काम कामोव्ह-३१ करतं, पाणबुड्यांचा माग एमएच-६०आर काढतं. ती उतरवली की जहाज आंधळं.

आणि तेवढी मिग आणायची कुठून? आपण घेतली एकूण ४५. काही अपघातांत गेली, उरलेल्यांतली काही गोव्यात हंसा तळावर प्रशिक्षणात, काही दुरुस्तीत. कॅगने २०१६ च्या अहवालात उड्डाणाला तयार मिगचं प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्के नोंदवलं होतं. आकडा जुना आहे, पण कागदावरची विमानं आणि उडू शकणारी विमानं यांतला फरक त्यातून कळतो.

आता ती मोकळी जागा. डेकवर उतरताना चाकं टेकताच वैमानिक इंजिन कमी करत नाही, उलट पूर्ण जोर देतो. कारण विमानाचा हूक त्याला थांबवण्यासाठी डेकवर आडव्या ताणलेल्या तीन तारांपैकी एकीतही अडकला नाही, तर त्याला तसंच पुढे जाऊन पुन्हा हवेत चढावं लागतं. म्हणून डेकवरची उतरण्याची तिरपी पट्टी त्या वेळी टोकापर्यंत रिकामी लागते. फोटोत 'वाया गेलेली' दिसते ती हीच जागा! तिथे विमानं उभी केली, तर आकाशातल्यांनी उतरायचं कुठे?

शिवाय जास्त भार घेऊन उडायचं तर लांब धाव हवी, आणि तिची सुरुवात याच पट्टीवरून होते. म्हणजे तिथून उड्डाण चालू असताना उतरणं बंद. स्की-जंप, म्हणजे डेकच्या पुढच्या टोकाचा वर वळलेला उतार, एकच, त्यामुळे विमानं एकामागोमाग एकच जाणार. पहिलं गेलेलं शेवटच्याची वाट पाहत वरती इंधन जाळत राहणार. डेकखालच्या हँगरमधून विमानं वर आणायला लिफ्ट दोनच. तेव्हा 'एका वेळी' हा शब्दच इथे लागू होत नाही.

नौदलासाठीची नवी राफेल-एम लढाऊ विमानं आली की सगळं सुटेल, असंही म्हणतात. एप्रिल २०२५ च्या करारात २६ आहेत, त्यांतली ४ दोन आसनी, प्रशिक्षणाची. आणि राफेलचे पंख मिगसारखे दुमडत नाहीत, त्यामुळे जागेची अडचण कमी होत नाही.

अमेरिकेच्या निमित्झ वर्गाच्या लाखभर टनांच्या विमानवाहू जहाजांचीही क्षमता ९० च्या घरात सांगितली जाते. प्रत्यक्षात ती हेलिकॉप्टरांसह साधारण ६५ ते ७५ विमानं घेऊन निघतात, तीही चार कॅटापल्ट असताना.