मित्रच आहे, चालतं!

ईशान्येकडचा एक तरी मित्र असू द्या. पुण्यात कॉलेजात, कॉल सेंटरात, सलूनमध्ये, कुठेही मिळेल. मिळाला की 'आपला एकदम खास' असं चारचौघांत सांगून ठेवा. एकदा हे लायसन निघालं की पुढे तोंडाला येईल ते बोलायला मोकळे.

सुरुवात आडनावापासून करा. आपल्याकडे आडनाव कळलं की माणूस अर्धा कळतो आणि 'गाव कुठलं?' विचारलं की उरलेला. मित्र मिझो, म्हणजे मिझोरामचा, असेल तर इथेच गोची होते. मिझोंमध्ये आडनावाची रीतच नाही. नाव 'आ'वर संपलं तर पुरुष, 'ई'वर संपलं तर बाई, एवढाच पत्ता लागतो. जात नाही, पोटजात नाही, मुलगी कुठे दिली ते नाही. अशा वेळी खचून जाऊ नका. नावात 'लाल' असेल (बऱ्याचदा असतं) तर सरळ 'लालू' म्हणा. त्यांच्या भाषेत 'लाल' म्हणजे सरदार, धनी. पण आपण प्रेमाने म्हणतोय, तर अर्थ कशाला विचारत बसायचा?

मग 'मोमो करून घाल' म्हणून मागे लागा. मोमो तिबेट-नेपाळकडचे आणि तो मिझोरामच्या ऐझॉलचा, ही बारीकसारीक बाब झाली. आठ राज्यं वेगवेगळी लक्षात ठेवायला आपण काय तलाठ्याची परीक्षा देतोय?

त्याने आपलं स्वतःचं काही शिजवलं तर मात्र नाक मुरडा. माझ्या रूममेटने एका रविवारी बेकांग घालून भाजी केली. बेकांग म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. वास जिन्यात उतरला तशा घरमालकीणबाई पदर नाकाला लावून वर आल्या. "काय मेलंय का हो इथे?" दुसऱ्या हातात चिमटा होता, आणि चिमट्यात अर्धवट भाजलेला सुका बोंबील. मी कुणाची बाजू घेतली म्हणता? भाडं कमी होतं हो.

विनोदाची वाहतूक एकेरी ठेवा. डोळे, नाक, 'कुत्रा खातोस का रे?', सगळं चालतं. 2020 च्या मार्चमध्ये रस्त्यात 'ए कोरोना' अशी हाक मारणारेही गंमतच करत होते. तो हसला नाही तर 'मनाला लावून घेऊ नकोस' म्हणा. उलट त्याने चुकून तुम्हाला 'घाटी' म्हटलं, तर तो अस्मितेचा प्रश्न. लगेच चार पोरं गोळा करा.

2014 च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याच्या रंगवलेल्या केसांची अशीच चेष्टा झाली. बाचाबाची, मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा गेला. मग ईशान्येकडच्या लोकांना होणारा त्रास तपासायला सरकारची बेझबरुआ समिती बसली, तिचा अहवालही आला. हा विषय पार्टीत काढू नका, मूड जातो.

आणि मित्राला फार बोलू देऊ नका. मी एकदा दिलं. म्हणाला, "तुम्हा सगळ्यांसाठी आमच्याकडे एकच शब्द आहे, वाई. पंजाबी वाई, बिहारी वाई, तूही वाई."

"वाई आमच्या साताऱ्यात आहे," मी म्हटलं, "कृष्णेकाठी. ढोल्या गणपतीची."

त्याला हसू आवरेना. मला मात्र लागलं. पंजाबी, बिहारी आणि आम्ही एकाच टोपलीत? मी त्याला पाऊण तास घेतला. ज्ञानेश्वर, शिवाजी महाराज, पुरणपोळी, कोकणातली भाषा वेगळी, विदर्भातली वेगळी, काही म्हणून सोडलं नाही. त्याने सगळं मान डोलावत ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला,

"खरंय रे. पण छोले मात्र तुम्ही लोक झकास करता."